सासऱ्यांच्या कानावर घातलं

माळावरच्या एका गावात सटवाजी नावाचा एक भोळा कुंभार राहत होता. सांगितलं तेवढं करायचा. सांगितलं तसंच करायचा.

एकदा चाकावर बसला असताना त्याच्या कानात किडा शिरला. सटवाजीने काडी उचलली.

आई म्हणाली, "टाक ती काडी. कोचलास तर किडा आणखी आत जाईल. मान कलती कर."

तिने कानात कोमट तेल सोडलं. थोड्या वेळाने किडा तरंगत वर आला.

"आत काही शिरलं की कोचायचं नाही. तेल सोडायचं," आई म्हणाली. सटवाजीने ते ध्यानात ठेवलं.

चार दिवसांनी ज्वारीच्या कणगीत उंदीर शिरला. सटवाजीने कणगी कलती केली आणि घरातलं होतं नव्हतं ते तेल आत सोडलं. उंदीर निघाला. ज्वारी गेली. बायको भागी कपाळाला हात लावून बसली.

आई म्हणाली, "अरे, तेल कानाला. घरात काही शिरलं तर केरसुणी घ्यावी नि हाकलून द्यावं."

दुसऱ्या दिवशी सासरे आले. दार ठेंगणं. वाकून आत शिरले. सटवाजी केरसुणी घेऊन उभाच होता.

सासऱ्यांनी पडलेला पटका उचलला, लेकीला पुढे घातलं आणि निघाले. जाताना विहिणीला म्हणाले, "जावयाला अक्कल आली की कळवा."

भागीवाचून सटवाजीला घास उतरेना. मडकी वाकडी होऊ लागली.

शेवटी आई म्हणाली, "जा, सासऱ्यांच्या पाया पड. पण तिथं स्वतःचं डोकं चालवू नकोस. काही दिसलं, काही झालं, तर आधी त्यांच्या कानावर घाल. मग ते सांगतील तसं कर."

सटवाजी गेला. पाया पडला. सासरे विरघळले.

"उन्हं कलली की घेऊन जा हिला," म्हणाले आणि ओसरीवर कुशीला लवंडले. आत भागी बोचकं बांधू लागली.

सटवाजी शेजारी बसून राहिला. तेवढ्यात भिंतीवरून एक काळा किडा खाली उतरला. सटवाजीचे हात शिवशिवले. केरसुणी कोपऱ्यातच होती. पण त्याने डोकं चालवलं नाही. किडा दोन बोटांत अलगद धरला आणि सासऱ्यांच्या कानावर घातला.

किडा आत गेला. सासरे ताडकन उठले.

"काय शिरलं रे कानात?"

"किडा, मामा. मीच घातला."

"का?"

"आईने सांगितलंय. काही दिसलं की आधी तुमच्या कानावर घालायचं."

भागीने बोचक्याची गाठ सोडली.

सटवाजी भिंतीकडे बघत म्हणाला, "आणखी दोन आहेत, मामा. दुसरा कान इकडे करा."