शेंगुलीचा दात ठणकतो

चिंचेच्या ढोलीत राहायची एक इवलीशी खार. तिचं नाव शेंगुली. शेंगुलीला गूळ फार आवडायचा. मिटक्या मारत खायची आणि तशीच गुडुप झोपायची. गूळ दाताला चिकटून बसायचा.

एक दिवस दातावर आला पांढरा ठिपका. दुखेना, खुपेना. शेंगुली खेळत राहिली.
मग ठिपका झाला तपकिरी. शेंगुली खेळतच राहिली.
मग ठिपक्याचं झालं भोक. काळं काळं भोक!

शेंगुलीनं शेंग फोडली, कुडुम! दाणा चावला. आई गं! दात ठणकला, ठण्ण! दाणा पडला, टप्प! मुंग्यांनी तो उचलून नेला.

शेंगुली रडली मुसुमुसु. मग तुरुतुरु तुरुतुरु गेली सुतारपक्ष्याकडे. लांब चोच, लाल तुरा.

"सुतारकाका, माझा दात ठणकतो."
"आ कर बघू. अरेरे, दात किडलाय गं! भोक साफ करीन, पण बुजवू कशानं? आधी बाभळीचा डिंक आण."

तुरुतुरु तुरुतुरु गेली बाभळीकडे.

"डिंक दे गं बाभळीबाई!
डिंक देईन काकांना,
काका भोक बुजवतील,
ठणका माझा थांबेल!"

बाभूळ म्हणाली, "देईन की गं सोनुले. पण तहान लागलीय मला. आधी पाणी घाल."

पाणी आणू कशात? शेंगुली निघाली. वाटेत ओढ्याचं गार पाणी प्यायली. सण्ण! दाताला आता गारही सोसेना.

तुरुतुरु तुरुतुरु गेली कुंभारीणमावशीकडे.

"बोळकं दे गं मावशी!
बोळक्यानं पाणी घालीन बाभळीला,
बाभूळ मला डिंक देईल,
डिंक देईन काकांना,
काका भोक बुजवतील,
ठणका माझा थांबेल!"

मावशी म्हणाली, "देईन की गं सोनुले. पण माती संपलीय. आधी माती आण."

एवढी माती उचलणार कोण? आता दात उगाचच ठणकू लागला. ठण्ण ठण्ण ठण्ण!

तुरुतुरु तुरुतुरु गेली गाढवाकडे.

"माती आण रे गाढवदादा!
माती देईन मावशीला,
मावशी मला बोळकं देईल,
बोळक्यानं पाणी घालीन बाभळीला,
बाभूळ मला डिंक देईल,
डिंक देईन काकांना,
काका भोक बुजवतील,
ठणका माझा थांबेल!"

गाढव म्हणालं, "आणीन की गं सोनुले. पण माझ्या कानात कुसळ रुतलंय. आधी ते काढ."
"फार दुखतं का रे?"
"फार."
"मलापण."

शेंगुली कानावर चढली. इवल्या बोटांनी कुसळ धरलं. हळूच ओढलं. सुळ्ळकन निघालं!

गाढव नाचलं, दुडुदुडु! गाढवानं माती आणली. मावशीनं चाक फिरवलं, गरगर गरगर! बोळकं केलं, भट्टीत भाजलं. शेंगुलीनं पाणी घातलं. बाभूळ प्यायली, घुटुक घुटुक! डिंक पाझरला. शेंगुली पळाली काकांकडे.

काकांनी भोक साफ केलं, टक टक टक! डिंकानं बुजवलं, गच्च!
"बरं झालं आलीस. अजून थांबली असतीस, तर गाल फुगला असता टम्म. आता रोज दात घासायचे. खाल्लं की चूळ भरायची. आणि पांढरा ठिपका दिसला, की लगेच मला दाखवायचा."

शेंगुली घरी आली. आईनं पेरू दिला. शेंगुलीनं चावला, कर्रकन!
"दुखलं का गं?"
"छे!"

सगळा पेरू संपला. मग शेंगुलीनं चूळ भरली.
खुळखुळ, खुळखुळ, थू!