वाघखिंडीला हवा कोच

"पुन्हा हरलो! तेही शेजारच्या देवडोंगरकडून!"

श्रीमंत दौलतराव महाराजांनी पानाचा डबा आदळला आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या कोचला त्याच दुपारी टांग्यात बसवून वाघखिंडी संस्थानाच्या वेशीबाहेर पोचतं केलं. दर हंगामाला हेच व्हायचं. आताशा टांगेवाला सामना सुरू होण्याआधीच घोडा जुंपून उभा राही.

नवा कोच शोधायला निवड समिती बसली. दिवाण बिवलकर, राजवैद्य, राजज्योतिषी आणि हत्तीखान्याचे दारोगा. चौघांपैकी एकानेही जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, त्यामुळे चौघांचीही मतं ठाम होती.

पहिला उमेदवार ट्रंकभर कप घेऊन आला. वैद्यबुवांनी चष्मा लावून वाचलं, तर त्यातल्या सर्वात मोठ्या कपावर लिहिलेलं, 'भजन स्पर्धा, द्वितीय क्रमांक'! दुसरा जेवणाची घंटा होईपर्यंत जोशावर बोलला. समिती गाढ झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "माणूस प्रभावी आहे." तिसऱ्याने फक्त विचारलं, "संघात कुणाला घ्यायचं ते मीच ठरवणार ना?" त्याला समितीने हसत हसत दार दाखवलं. पुढे टांग्याची कीर्ती चहूकडे पसरली आणि उमेदवारच यायचे थांबले.

महाराज भडकले. "आम्हाला असा कोच हवा, जो आजवर एकही सामना हरला नाही! जो पगार मागणार नाही! हरल्यावर सबबी सांगणार नाही! आणि ज्याच्यापुढे आम्हीसुद्धा चकार शब्द काढणार नाही! दसऱ्याच्या सामन्याआधी असा कोच आणा, नाहीतर संघ बंद! त्या मैदानात बटाटे लावा!"

"पण सरकार, असा माणूस..."

"हळू बोला!" महाराज एकदम कुजबुजले. "बाळराजे उठतील!"

शेजारच्या दालनात महाराजांचा तान्हा नातू झोपला होता. अपुरी झोप झाली की बाळराजे असा गळा काढत, की संध्याकाळपर्यंत हत्तीसुद्धा चारा खात नसत. म्हणून त्यांच्या झोपेच्या वेळी सगळा राजवाडा चवड्यांवर चाले, महाराजांसकट.

पाळण्याची दोरी ओढत येसू दाई हे सगळं ऐकत होती. तिचा धाकटा भाऊ नारबा त्या संघाचा गोलकीपर. फुटबॉलच्या जोरावरच त्याला वसतिगृहात जागा मिळाली होती. संघ बंद झाला की जागा बंद, आणि जागा बंद की कॉलेज बंद. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं.

संध्याकाळी तिने त्याला गाठलं. "नारबा, खरं सांग. तुमी का हरता रं?"

"आक्का, खेळ येतो गं आमाला! पर ऐन रंगात म्हाराज वरडत उठत्यात. म्हाराज उठलं, की आमी हाय तितं थांबून तीनदा वाकतो. रीतच हाय न्हवं! देवडोंगरची पोरं वाकत न्हाईत. ती गोल मारत्यात!"

"आन् कोच काय करतो?"

"त्योबी वाकतो की!"

"म्हाराजांस्नी कुणी सांगितलं न्हाई?"

"सांगायचं कुणी? टांगा उभाच असतोय!"

येसू हसली. दुसऱ्या दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. "सरकार, तुमच्या सगळ्या अटींत बसणारा कोच घावलाय. पर सामना सुटंस्तवर नाव इचारायचं न्हाई."

"आणि हरलो तर?"

"तर टांग्यात मला बसवा!"

दसऱ्याला मैदान फुललं. महाराज मंडपात येऊन बसले. शिट्टी व्हायच्या आत येसूने झोपलेले बाळराजे अलगद त्यांच्या मांडीवर ठेवले. "जरा धरा, सरकार. हितं पाळणा न्हाई."

बाळराजांनी झोपेतच आजोबांचा मोत्यांचा कंठा मुठीत घट्ट धरला. खेळ सुरू झाला. महाराज ओरडायला तोंड उघडत आणि खाली बघून मिटून घेत. बँडवाल्यांनाही डोळ्यांनीच दटावलं गेलं. वाघखिंडीच्या पोरांना आधी कळेचना, आज कुणी उठत का नाही! मग ती जी सुटली म्हणता! मध्यंतराआधीच एक गोल चढला.

शेवटी देवडोंगरचा गडी चेंडू घेऊन थेट गोलवर आला. महाराजांना राहवेना, ते अर्धे उठलेच! नारबा सवयीने मुजऱ्याला वाकला. तेवढ्यात बाळराजे कुरकुरले, "अंऽऽ..." महाराज धपकन खाली बसले. चेंडू नेमका खालूनच आला, नारबाने तो वाकल्या वाकल्या पोटाशी कवटाळला आणि शिट्टी झाली!

वाघखिंडी जिंकली! लोकांनी फेटे उडवले, पण आवाज न करता.

"कुठाय तो कोच?" महाराज कुजबुजले. "आत्ताच्या आत्ता समोर आणा!"

"सरकारांच्या मांडीवर हाय," येसू म्हणाली. "आजवर एक सामना हरलेला न्हाई. पगार मागत न्हाई. सबबी सांगायला अजून बोलता येत न्हाई. आन् त्यांच्यापुढं सरकारांनी आज चकार शब्द काढला न्हाई!"

"अगं, पण यांनी पोरांना शिकवलं काय?"

"पोरांना येतच हुतं, सरकार. ह्यांनी तुमास्नी बसायला शिकवलं!"

दिवाणांनी डोळे मिटले. टांगेवाल्याने लगाम हातात घेतला.

महाराजांनी मैदानाकडे पाहिलं. पोरं अजून त्यांच्याकडे भीत भीत बघत होती. महाराजांना सगळं उमगलं आणि मिशा थरथरल्या. मग ते असे खदखदून हसले, की मंडपाचे खांब हलले!

"शाबास, येसू! आजपासून मैदानात मुजरा बंद! नारबाचं शिक्षण पुरं होईपर्यंत दरबाराकडे! तो टांगा पाठवा आणि मागच्या कोचला मानानं परत आणा! आणि हे तुला..." त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात ठेवलं.

पण त्या हसण्याने बाळराजे जागे झाले होते. त्यांनी जो गळा काढला, तो देवडोंगरपर्यंत ऐकू गेला.

"निवड समिती!" महाराज कान झाकून ओरडले. "खुळखुळे घ्या!"