उभी कापलेली वही

एकदा एका वृद्ध शिक्षकाने आपल्या शिष्येची दोन वर्षांच्या कष्टाची वही कात्रीने उभी कापली. एक अर्धी तिच्या हातात ठेवली, दुसरी स्वतःच्या पेटीत टाकून वर कुलूप लावले. हे कृत्य वेडेपणाचे वाटावे असेच होते, आणि शिष्येला ते तसेच वाटले.

शिक्षक तरुणपणी जहाजावर होते. पुढे स्पेनच्या एका बंदरात त्यांनी वीस वर्षे काढली आणि उतारवयात सांगलीला परतून ते चार-दोन जणांना स्पॅनिश शिकवू लागले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वैजयंती ही चौतीस वर्षांची शिष्या सहा वर्षे त्यांच्याकडे येत होती. बोलण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. घोडे पेंड खात होते ते लिहिण्यात. त्या भाषेत ऐकायला तंतोतंत सारखे आणि लिहायला वेगळे असे शब्द पुष्कळ. एखाद्याच्या आरंभी न उच्चारले जाणारे अक्षर असते, त्याच्या जुळ्याच्या आरंभी ते नसते. कुठे दोन निराळी अक्षरे तोंडातून एकाच आवाजात बाहेर पडतात. कानाला काही पत्ता लागत नाही. श्रुतलेखनाच्या परीक्षेत याच शब्दांपायी ती दोनदा नापास झाली होती.

तिने त्यावर उपाय केला, आणि तो कोणत्याही अभ्यासू माणसाला सुचेल असाच होता. नवी वही घेतली, प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे एक शब्द लिहिला आणि उजवीकडे त्याचा जुळा. ‘बाका’ म्हणजे गाय, समोर ‘बाका’ म्हणजे गाडीच्या टपावरचे कॅरियर. ‘ओला’ म्हणजे लाट, समोर ‘ओला’ म्हणजे भेटल्यावरचा नमस्कार. अशा दोनशे चाळीस जोड्या जमल्या. रोज सकाळी आंघोळ झाली की ती त्यांचा पाठ करी. चुका मात्र कमी व्हायच्या सोडून वाढत चालल्या होत्या.

याच सुमारास तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला स्पेनमधले गिऱ्हाईक मिळाले. पत्रव्यवहार पाहायला त्याला माणूस हवे होते. पहिल्या माणसाची अशुद्ध पत्रे वाचून तिकडच्या खरेदी पाहणाऱ्या बाई हसल्या होत्या, आणि ते शेठजींना फार लागले होते.

“ताई,” ते काम मागायला आलेल्या वैजयंतीला म्हणाले, “दीड महिन्यानं त्या बाई स्वतः येत्यात. त्या तोंडानं सांगतील ते पत्र तुम्ही त्यांच्यासमोर लिहायचं. चूक निघाली नाही तर खुर्ची तुमची. निघाली तर मी पुण्याच्या कंपनीला काम देऊन मोकळा. नंतर वाईट वाटून घेऊ नका.”

सहा वर्षे शिकलेली भाषा कामी यावी अशी दुसरी जागा आसपास कुठे नव्हती. ही गेली असती तर वैजयंतीने शिकणेच सोडून दिले असते. त्याच संध्याकाळी ती वही घेऊन अण्णांकडे गेली, आणि अण्णांनी शांतपणे कात्री शोधायला घेतली.

“आता तीन आठवडे फक्त ही डावी बाजू,” कापून झाल्यावर ते म्हणाले. “एकेका शब्दावर पाच पाच वाक्यं लिहायची. गाय आली की गोठा, वैरण, दूध, सगळं येऊ दे. उजव्या बाजूचं नाव काढायचं नाही.”

“आणि उजवी बाजू विसरले तर?”

“विसर की.”

ती घरी गेली आणि रागाने रडली. तरी वाक्ये लिहू लागली, कारण गुरूचे न ऐकण्याची तिला सवय नव्हती. दहाव्या दिवशी मात्र तिला राहवेना.

“अण्णा, त्या बाई मला नुसते डावीकडचेच शब्द सांगणार आहेत का? फरक कळायला दोन्ही समोर नकोत?”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग विचारले, “सुईत सूत ओवलं, असं तू मराठीत लिहितेस. तेव्हा मुलगा या अर्थाचा सुत तुझ्या मनात येतो?”

“नाही.”

“का येत नाही? सूत तुला आईच्या शिवणाच्या डब्यात भेटलं आणि सुत कुठल्याशा स्तोत्रात. त्यांची कधी गाठच पडली नाही. मी बंदरावर होतो तेव्हा गाय गावाबाहेर चरत असायची आणि कॅरियर टॅक्सीच्या टपावर असायचं. त्या दोघांना एका ओळीत बसवलं ते तू, आणि तेही रोज सकाळी. आता एकाला हाक मारली की दोघं उठतात, आणि तू विचारत बसतेस की यातला खरा कुठला. तुझ्या कानात काही दोष नाही, बाई. हा घोळ त्या वहीनं घातलाय.”

वैजयंतीने हातातली अर्धी पाने गोळा केली. राग पुरता गेला नव्हता, पण ती उठली आणि घरी जाऊन गायीवरचे राहिलेले वाक्य लिहू लागली. तीन आठवडे भरल्यावर अण्णांनी डावी बाजू काढून घेतली आणि पेटीतली उजवी दिली. पुढचे तीन आठवडे तिने वाक्यांतून टपावर बोजे चढवले, दोरांनी बांधले आणि उतरवले.

ठरल्या दिवशी त्या बाई आल्या. गोदामाशेजारच्या खोलीत त्या बोलत गेल्या आणि वैजयंती उभ्या उभ्याच उंच मेजावर लिहीत गेली. कुठे थांबली नाही. बाईंनी कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवले. शेठजींना अक्षर कळत नव्हते, म्हणून ते दोघींचे चेहरे वाचत होते.

“‘माल तयार केला आहे’ यातला ‘केला’ म्हणजे हा ‘एचो’,” बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. “इथं आमच्याकडची शाळेतली मुलंच काय, माझा कारकूनही चुकतो. दोन्हींतला कुठला, हे तुम्ही कसं ठरवलंत?”

वैजयंतीला प्रश्नच उमगला नाही. “दोन्हींतला म्हणजे?” ती म्हणाली. “कुठले दोन?”

बाई मोठ्याने हसल्या. शेठजी घाबरले. “काय झालं? चूक निघाली का?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. एकही चूक नाही, हे त्यांचे म्हणणे वैजयंतीने जरा संकोचाने मराठीत सांगितले, तेव्हा शेठजींनी खुर्ची पुढे ओढली. “मग उभ्या का? बसा की.”

दुसरा ‘एचो’ तिला सांगलीला परतताना एसटीत आठवला. ‘मी टाकतो’ हा त्याचा अर्थ. तो विहीर आणि विहिरीत टाकलेला दगड घेऊनच आठवला, आणि पहिल्याशी त्याची काही ओळख आहे असे तिला वाटले नाही.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले, पेटी उघडली आणि तिची डावी अर्धी वही बाहेर काढली.

“शिवून देऊ का दोन्ही?” त्यांनी मिस्कीलपणे विचारले.

“नको,” वैजयंती म्हणाली. “ही असू दे तुमच्याकडेच.”

ज्या दोन गोष्टींत आपली नेहमी गल्लत होते, त्या शेजारी शेजारी कोणी आणून बसवल्या, हे आपणही आपल्या वहीत एकदा पाहावे.