गुलमावशीची हाक

समुद्राच्या पल्याड एक नटी होती, बरं का. नाव तिचं गुलनार. ती नाटकात रडली की सगळं गाव रडायचं. मग काय झालं, तिथं लढाई पेटली. नाटकघर जळलं. गुलनार मिळेल त्या गलबतात चढली आणि इकडे मोतीबंदरात उतरली.

मग ती गेली नाटकमंडळीच्या मालकाकडे, दाजीबाकडे. तो म्हणाला, "बाई, काम झकास करता. पण 'मी आला' म्हणणारी राणी लोक कशी खपवून घेतील?"

गुलनार धक्क्यावर येऊन बसली. शेजारी कोळ्याची चिंगी रडत होती. गुलनारनं ओढणीला दोन गाठी मारून कोंबडी केली. आणि काय सांगू, कोंबडीनं खरंच पंख फडफडवले! चिंगी खुदकन हसली. मग दुसऱ्या दिवशी दहा पोरं आली. मग सगळ्या बंदरातली. गुलनार म्हणायची, "कोंबडी अंडा दिला!" पोरं ओरडायची, "अंडा नाही गं गुलमावशी, अंडं!"

अशी चार वर्षं गेली. मग एकदा जत्रेला बावीस पोरं होडीनं समोरच्या बेटावर गेली. परतताना धुक्या राक्षस आला. त्यानं समुद्रभर धुकं सोडलं. पोरांना स्वतःचा हात दिसेना, आणि वाटेत तर नुसते खडक!

किनाऱ्यावर लोकांनी ढोल बडवले. राक्षसानं चारी बाजूंनी ढोल वाजवले. मग आयांनी हाका मारल्या. राक्षसानं आयांचे आवाज काढले, अगदी हुबेहूब! पोरांनी वल्हवायचं कुठं?

मग गुलनार कमरेएवढ्या पाण्यात शिरली. ती ओरडली, "पोरं लोक! मावशी इथं उभा आहे! लवकर ये!"

राक्षसानंही तिचा आवाज काढला, पण बोली मात्र आयांचीच राहिली. "मावशी इथं उभी आहे! लवकर या!"

होडीत चिंगी किंचाळली, "ती नव्हे रे! आपली मावशी 'उभा' म्हणते! तिकडे वळवा!"

गुलनार घसा बसेपर्यंत ओरडत राहिली. मग धुक्यातून होडीचं टोक दिसलं. आयांनी पोरं मोजली. एकवीस, बावीस. सगळी होती गं बाई! राक्षस चिडला, फणफणला, आणि विरून गेला.

गुलनार तिथंच वाळूत मटकन बसली आणि हसत सुटली. चिंगीच्या आईनं तिला कोरडं लुगडं नेसवलं, पुढ्यात गरम पेज ठेवली. "खा गं माझे बाई," म्हणाली, आणि तिच्या केसांतलं पाणी टिपत बसली.

मग गावानं तिला माडाच्या झापांचं नाटकघर बांधून दिलं. तिथं पोरं हसली, मग पोरांची पोरं हसली. सगळी सुखानं नांदली.

झालं. आता पाय पांघरुणात घ्या, आणि मिटा बघू डोळे.