पगडीची खुंटी

डोंगराच्या अल्याड एक राणी राज्य करायची आणि पल्याड एक राजा. ही फार जुनी गोष्ट. शत्रू चालून आला तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून लढले आणि जिंकले. पण लढाई झाली ती पल्याड. विणकरांच्या त्या मुलखात एकही माग शिल्लक राहिला नाही.

राजा कर्ज मागायला राणीच्या दरबारी आला. तिथला खजिनदार भलताच काटेकोर. शिवाय रीत अशी, की कर्ज घेणाऱ्यानं आपली पगडी तारण ठेवायची आणि कर्ज फिटेपर्यंत बोडक्यानं फिरायचं. खजिन्याच्या भिंतीवर त्यासाठी खुंट्याच ठोकलेल्या होत्या.

"महाराज, पगडी," खजिनदार म्हणाला.

राजानं पगडी उतरवली.

राणी ताडकन उठली. "थांबा! घाला ती डोक्यावर."

"राणीसाहेब, रीत आहे!" खजिनदार कळवळला. "आणि तिजोरीत आहे ते सोनं तटाच्या डागडुजीचं. ते बुडालं तर शत्रूपुढे आपण उघडे पडू."

"तट नंतर बांधू. आधी यांचे माग उभे राहू देत. अन् बोडक्या राजाचं कोण ऐकेल हो? महाराज, माग चालले की हप्ते सुरू करा. तोवर व्याज नको."

खजिनदारानं थैल्या दिल्या खऱ्या, पण त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. त्याचं घर त्या पडक्या तटाला लागूनच होतं ना!

आणि व्हायचं तेच झालं. हरलेला शत्रू पुन्हा सैन्य घेऊन आला. पल्याडच्या राजाला त्यानं निरोप धाडला, "तुझं सगळं कर्ज मी फेडतो. मला फक्त घाटातून वाट दे."

ही खबर ऐकून खजिनदारानं डोक्याला हात लावला. असं आयतं सोनं कोण सोडेल?

राजानं सोडलं. "जिनं माझी पगडी डोक्यावर राहू दिली, तिच्यावर चालून जायला वाट देऊ?" असं म्हणून त्यानं घाट रोखला. पुन्हा पोटाला लागलेले विणकर भाले घेऊन त्याच्यामागे उभे राहिले. शत्रू आल्या पावली परत गेला.

पुढे पहिला हप्ता आला, सोबत नव्या मागावरचं कापड. खजिनदाराचे डोळे भरून आले. राणी असावी तर अशी!

"राणीसाहेब, आपला तट पडका नव्हताच," तो म्हणाला. "तो घाटापलीकडे बांधून झाला होता. मलाच दिसला नाही."

मग त्यानं स्वतः हातोडी घेतली आणि भिंतीवरच्या साऱ्या खुंट्या उपटून काढल्या.

तात्पर्य: पडत्या काळात मित्राला पैसा द्यावा, पण त्याला मान खाली घालायला लावू नये; ताठ मानेचा मित्र कर्जही फेडतो आणि वेळेला पाठीशीही उभा राहतो.