सगुणाची सात चांदण्यांची धून

हिरव्यागार बांबूच्या बेटाशेजारी एका बुरुडाची झोपडी होती. बुरूड देवाघरी गेला होता. मागे उरल्या इवलीशी सगुणा आणि तिची आंधळी आई. दोघी दिवसभर टोपल्या विणायच्या, तेव्हा कुठे भाकरी मिळायची. कालवण मिळालं तर मिळालं!

रोज रात्री आई विचारायची, "सगुणे, आज आभाळ कसं दिसतंय गं?" सांगून सांगून शब्द संपले, तेव्हा सगुणाने उरल्यासुरल्या बांबूचा पावा केला. सप्तर्षींच्या एकेका चांदणीला एकेक सूर. दोन चांदण्यांत जेवढं अंतर, तेवढा वेळ गप्प. अशी रुपेरी, लुकलुकती धून तिने स्वतः रचली. आई ऐकून हसली.

गावचे सनईवाले गणोबुवा मात्र लालबुंद झाले. "वाडवडिलांनी वाजवलं तेवढंच इथे वाजेल! उद्या जत्रेत तो पावा आणून दे. चुलीत घालतो!"

तिन्हीसांजेला सगुणा पाय आपटत बेटात शिरली. तिथल्या एका बांबूवर चिमणुलं घरटं होतं, म्हणून तो तिने कधीच तोडला नव्हता. त्या घरट्यातून मोतिया पंखांची परी उतरली.

"माझं घर राखलंस, बाळा. एक इच्छा माग. बुवांना लाजवील अशी धून देऊ?"

"धून माझी मला आहे," सगुणा फणकारली. "माझ्या आईला डोळे दे."

"दिले. पण उद्या जत्रेत तुझी धून पुरी वाजली, तरच ते उघडतील. मध्येच सोडलीस, तर कधीच नाही."

"सोडतंय कोण!"

सकाळी आईला गर्दीत उभं करून सगुणाने देवळापुढे पावा ओठांना लावला. तीन सूर वाजले आणि चौथ्याआधी ती गप्प राहिली.

"संपलं! आण इकडे," बुवा गरजले.

सगुणाने मान हलवली आणि चौथा सूर काढला. बुवांनी तिच्या कानाशी सनई फुंकली. लोक ओरडले, "बुवांचं ऐक गं!" तरी ती दीपमाळेच्या ओट्यावर चढली. पाचवा. सहावा. पुन्हा लांबलचक शांतता. बुवांचा हात पाव्यापर्यंत पोचला, आणि सातवा सूर घुमला!

पाव्यातून सोनेरी, निळा, गुलाबी उजेड उसळला. त्यात परी क्षणभर हसली आणि विरून गेली.

गर्दीत आईने पापण्या उघडल्या. समोर बुवांची रुंद पाठ होती.

"बुवा," आई खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हा बाजूला. माझी लेक दिसू दे मला."