लाल घेऊ की निळा

"मग लाल घेऊ की निळा?"

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. जानूआबा सुईत दोरा ओवत होता. दोरा काही जाईना. त्याने टोक तोंडात धरून ओलं केलं, पुन्हा ओवलं...

जानूआबा आमच्या वाडीतला शिडं शिवणारा. आता शिडं राहिली नाहीत, इंजिनं आली. म्हणून तो पाण्यावरच्या पतंगांना ठिगळं लावतो. हे पतंग म्हणजे खोलीएवढे मोठे. पोरं कमरेला पट्टा बांधतात, पट्ट्याच्या आकड्यात पतंगाची दांडी अडकवतात, पायाखाली फळी घेतात आणि वाऱ्याबरोबर समुद्रावर धावतात. उड्या मारतात. मी जाळं विणायला आबाच्याच मांगरात, त्या पत्र्याच्या छपराखाली, बसतो. म्हणून हे पाहिलं. पाहिलं तसं सांगतो.

शार्दूल पुण्याचा. चार वर्षांपूर्वी आला तेव्हा वारा कुठून येतो तेही त्याला कळत नव्हतं. आबाने त्याला डोळे मिटून, कानाच्या पाळीवर वारा ओळखायला शिकवलं. आता मात्र त्याला वाटायचं, आपलं शिकून झालं. परवा स्पर्धा होती. दोन पतंग घेऊन तो आला होता. एक लाल, कोरा, अर्ध्या बांगडीसारखा गोल. दुसरा निळा, पसरट, जुना, ज्याच्यावर तो शिकला तो. त्या निळ्यावर आबाची सात ठिगळं होती.

"लाल कित्याक व्हयो?" आबाने विचारलं.

"फ्रीस्टाईलला हाच लागतो, आबा. उडी मारली की मी आकडा काढतो. मग कमरेला काही नाही, सगळं हातात. तेव्हा ह्याच्या दोऱ्या क्षणभर ढिल्या पडतात. तेवढ्यात दांडी पाठीमागून ह्या हातातून त्या हातात घ्यायची. परीक्षक तेच बघतात. निळ्याच्या दोऱ्या ढिल्या पडतच नाहीत. ओढतच राहतो, म्हशीसारखा."

"म्हस दूध देता," आबा म्हणाला.

शार्दूल हसला. आबा नाही हसला.

"आणि दांडी हातातसून सुटली तर?"

"सुटली तरी पतंग जात नाही. हे बघा." त्याने पाठ वळवली. पट्ट्याला मागून एक जाड दोरी होती. "ही अशी लावलीय की दांडी सुटली तरी पतंग वर उभाच राहतो. पडला तर पुन्हा चढवण्यात वेळ जातो ना."

"आणि पतंगच नको झालो तर?"

"मग ही लाल मूठ ओढायची. दोरी सुटते. पतंग मोकळा, जातो वाऱ्यावर."

"कधी ओढलंस?"

"गरज नाही पडली."

आबाने सुई टोपीत खोचली. उठला.

"चल."

पुळणीवर आलो. दुपारचे तीन असतील. वारा समुद्रावरून जमिनीकडे येत होता, चांगला भरलेला. आमच्या मागे सुरूचं बन.

"लाल चढव."

मी पतंगाचं टोक धरलं. शार्दूल दूर जाऊन उभा राहिला, त्याने मान हलवली, मी टोक सोडलं. पतंग सरसरत वर गेला आणि त्याच्या डोक्यावर उभा राहिला. देखणा होता, खोटं कशाला बोलू.

आबा त्याच्याजवळ गेला.

"सोड."

"काय?"

"मूठ ओढ. सोड तेका."

"आबा, मागे सुरू आहेत. फाटेल."

"फाटांदे. मी शिवीन."

"परवा स्पर्धा आहे. फाटला तर दुसरा कुठून आणू? दोन वर्षं थांबलोय मी ह्याच्यासाठी."



आणि वाऱ्याचा झोत आला. आमच्या बाजूला दुपारी असे येतात, एकामागून एक, न सांगता. शार्दूल टाचा रोवून मागे रेलला. टाचांनी वाळूत दोन चर पडले. मग तो गुडघ्यांवर आला. मग पोटावर. पतंग त्याला बनाकडे घेऊन निघाला.

मी धावलो, म्हाताऱ्या माणसाला धावता येतं तेवढा. डाव्या हाताने त्याने दांडी घट्ट धरली होती. मी त्याचा उजवा हात बघत होतो. तो एकदा मागे गेला. मुठीला लागला. आणि परत आला.

बन चार हातांवर राहिलं असेल, तेव्हा वारा आपोआप पडला. पतंग हळूच वाळूवर टेकला. कुठे ओरखडा नाही.

शार्दूल उभा राहिला. दोन्ही गुडघे सोललेले, हनुवटीला वाळू, दम लागलेला. आणि हसत होता.

"वाचवला, आबा."

आबा त्याच्या गुडघ्यांकडे बघत होता.

"कोणाक?"

शार्दूलचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ. मग गेलं.

"आता निळो," आबा म्हणाला.

निळा जोडला, चढवला. आबाचा शब्द पुरा तोंडातून बाहेर पडला नाही तोच पोराचा हात मागे गेला. फट् असा आवाज झाला. निळा उलटापालटा होत गेला आणि सुरूच्या शेंड्यात अडकला. तिथे तो टर्रकन फाटला, तेही आम्हाला इथवर ऐकू आलं. शार्दूलने वळून पाहिलंसुद्धा नाही. कपड्यांची वाळू झटकत होता.

"हा असा सुटतो," तो म्हणाला. "झालं?"

बोलला, आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला...

बांबूने निळा खाली काढायला आम्हाला बराच वेळ लागला. मांगरात परत आलो. आबाने मडक्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि शार्दूलचे गुडघे धुतले. पोरगा कळवळला, पण पाय मागे घेतला नाही. वरचा पत्रा वाजत होता.

"कळलं मला," तो शेवटी म्हणाला. आवाज उतरला होता. "जो हातून सुटतो तोच न्यायचा. पण आबा, निळ्यावर मी हरणार. नक्की हरणार. वर्षभर पहाटे उठून त्या एका उडीसाठी पडलोय मी. आणि लाल घेतला तर... आत्ता माझा हात गेला नाही, ते मी पाहिलं." तो थांबला. "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तो घेईन. शब्दाला शब्द लावणार नाही."

"मी सांगूचंय नाय."

"का?"

"एकदा सांगितलंय."

माझा जाळ्यातला हात थांबला. इतकी वर्षं आम्ही एका छपराखाली बसतो, जेवणाची भाजीही एकमेकांना देतो. पण हा विषय त्याने कधी काढला नव्हता. मीही नाही.

"माझो धाकटो भाव, सदू," आबा म्हणाला. "अठरा वर्सांचो. होड्यांची शर्यत होती. घरात शिडां दोन. एक मोठां, एक बारीक. माका इचारूक इलो, दादा, खंयचां घेव?"

तो पाण्याचा तांब्या खाली ठेवायला विसरला होता.

"मी मोठां दिलंय. मीच शिवलेलां ता. तीन म्हयने लागलेले. माका बघूचां होतां, पाण्यार कसां दिसतां..."

आमच्यात एक रीत होती, ती इथे सांगतो, कारण शार्दूलला ती ठाऊक नव्हती. शिडाची दोरी होडीच्या लाकडाला कधी बांधायची नाही. हातात धरायची. वारा जास्त झाला की मूठ उघडायची, शीड फडफडतं, होडी सरळ होते. हे आमच्या बायामाणसांनाही माहीत असतं.

"हात दमतत, म्हणालो," आबा म्हणाला. "एवढां मोठां शीड, पोरगो किती येळ धरीत? मी दोरी बांधून दिलंय."

बांधताना मी पाहिलं होतं. होडीची दुसरी बाजू मीच धरून उभा होतो पाण्यात. ओठांवर आलं होतं माझ्या. पण शिडातलं जानूला कोण सांगणार, असं वाटलं. बोललो नाही.

"होडी गावली," आबा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी. शीड पण गावलां. दोरी होती तशीच होती."

शार्दूलने मान खाली घातली. मग त्याने हात पाठीमागे नेले, पट्ट्याची ती जाड दोरी काढली आणि मांडीवर घेऊन बसला. लाल पतंग दारात पडला होता. वाऱ्याने त्याची कड जरा उचलली जायची, पुन्हा टेकायची. कोणी उठून ती दाबली नाही.

"पन्नास वर्षं तरी झाली असतील, आबा," तो हळू म्हणाला. "अजून किती दिवस तुम्ही..."



आबाने फाटका निळा पतंग ओढून मांडीवर घेतला. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गाठ बरी मारलेली मी," तो म्हणाला. "अजून सुटाक नाय."